‘पुढं काय झालं त्या बायांचं?’

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘मिर्च मसाला’ हा चित्रपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मैत्रिणींनो,

सिनेमा पाहून झाल्यावर भाषण ऐकायचा कंटाळा येतो, हे मला ठाऊक आहे. त्यातून आत्ताच दिवे लागलेत, शेवटचं दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. सोनबाई हातात विळा घेऊन उभी आहे, सुभेदार डोळे धरून ओरडतोय, आणि सगळीकडे लाल तिखट उडालंय. तिथंच सिनेमा थांबतो. खरं तर आपणही तिथंच थांबावं. पण गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका गावात हाच सिनेमा दाखवला, तेव्हा एका मावशींनी मला थांबू दिलं नाही. आजचं माझं सगळं बोलणं त्या मावशींना द्यायच्या उत्तरासाठी आहे.

त्या गावात आमचा एक बचत गट मसाला कांडपाचं काम करतो. सोळा बायका. मशीन बँकेच्या कर्जातून घेतलेलं. मिरची भाजायची, कांडायची, चाळायची, पाकिटं भरायची. तोंडाला पदर गुंडाळलेला, हाताला तेल चोपडलेलं, तरी संध्याकाळी घरी जाऊन लेकराच्या गालाला हात लावायची सोय नाही, इतकी आग होते. मला वाटलं, मिरचीच्या कारखान्यातल्या बायांचा हा सिनेमा यांना आवडेल. आवडलाच. पण या बायांचं पाहणं आपल्यासारखं नव्हतं. एकजण म्हणाली, “एवढं तिखट उधळलं म्हंजे ते त्यांच्या बी डोळ्यात गेलं असणार.” आपल्यापैकी किती जणींच्या हे लक्षात आलं? लढणारीच्या डोळ्यातही तिखट जातं, हे तिखटात काम करणारीलाच कळतं.

आणि मग सगळं आवरताना त्या मावशींनी विचारलं, “ताई, पुढं काय झालं त्या बायांचं?”

मी म्हणाले, “मावशी, सिनेमा तिथंच संपतो. पुढचं दाखवलेलं नाही.”

त्या म्हणाल्या, “ते कळलं मला. पर बाया तर खऱ्या हुत्या ना? त्यांचं काय झालं?”

मावशी त्या नट्यांबद्दल विचारत होत्या. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, स्त्री-प्रश्नावर गटचर्चा घेणारी; मला स्मिता पाटीलपलीकडे धड काही सांगता येईना. तिथून परतल्यावर मी जरा शोध घेतला. जे हाती लागलं ते सिनेमाच्या गप्पांपुरतं नाही, आपल्या कामाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे, असं मला वाटलं.

केतन मेहतांचा हा सिनेमा १९८७ साली प्रदर्शित झाला. माझा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. गुजराती लेखक चुनीलाल मडिया यांच्या कथेवर तो बेतलेला आहे, आणि राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशातून तो तयार झाला. गोष्ट आपण आत्ताच पाहिली. इंग्रजी अमलातला सुभेदार गावात तळ ठोकतो, त्याची नजर सोनबाईवर जाते, ती त्याच्या थोबाडीत मारते आणि मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. आत बायका, बाहेर सुभेदाराचे शिपाई, आणि मध्ये सगळं गाव. गाव काय म्हणतं? एक बाई देऊन टाका, म्हणजे बाकीचे वाचू. आतल्या काही बायकाही सुरुवातीला तेच म्हणतात. हे सगळं आपण आपापल्या गावात, वस्तीत, पंचायतीत पाहिलेलं आहे.

आता त्या बाया. स्मिता पाटील ही सोनबाई. मुखीची बायको सरस्वती, जी मुलीला शाळेत घालते आणि शेवटी बायकांना घेऊन थाळ्या बडवत रस्त्यावर येते, ती दीप्ती नवल. शिवाय दीना पाठक, आणि त्यांच्या दोघी मुली, रत्ना पाठक आणि सुप्रिया पाठक. एका सिनेमात आई आणि दोन लेकी. पुरुषांत सुभेदार नसीरुद्दीन शाह, पहारेकरी ओम पुरी, मुखी सुरेश ओबेरॉय, सोनबाईचा नवरा राज बब्बर. आणि परेश रावल, मोहन गोखले, बेंजामिन गिलानी. यातले बरेचजण १९८० साली केतन मेहतांच्याच ‘भवनी भवाई’त एकत्र होते. म्हणजे ही एका विचाराची, एकमेकांना ओळखणारी मंडळी होती. नाटकातून आलेली, कमी पैशात काम करणारी. तरीही पुढं यांच्या वाटा कशा गेल्या, ते पाहा.

पहिली स्मिता. हा सिनेमा पडद्यावर आला तेव्हा ती हयात नव्हती. १३ डिसेंबर १९८६ रोजी ती गेली. मुलगा पंधरा दिवसांचा होता. वय ३१. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून हा मृत्यू झाला. आपण स्मिताबद्दल बोलताना नेहमी तिचे डोळे, तिचा अभिनय, ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ ची पद्मश्री, हे सगळं बोलतो. ती पुण्याची, सेवादलाच्या संस्कारातली, आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्य करणाऱ्या, हेही अभिमानानं सांगतो. मुंबईतल्या विमेन्स सेंटरशी तिचं नातं होतं, म्हणजे ती आपल्यातलीच होती. आमच्या समाजकार्य महाविद्यालयात ‘उंबरठा’ दाखवायचे, आणि समाजकार्य करायला घराबाहेर पडलेली सुलभा महाजन पाहून आम्ही मुली घरी न सांगता रडायचो. पण एक साधी गोष्ट आपण बोलत नाही. स्मिता ज्या कारणानं गेली, त्याला आपल्या आरोग्याच्या शिबिरांत आपण मातामृत्यू म्हणतो. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत त्यातून उद्‌भवलेल्या कारणानं बाई गेली, तर ती नोंद मातामृत्यू म्हणून करायची, हे आपण आशाताईंना शिकवतो. आदिवासी पाड्यावरची बाई अशी गेली की आपण वाहन नव्हतं, रक्त नव्हतं, डॉक्टर नव्हता म्हणतो. मुंबईतली, नावाजलेली, सगळं हाताशी असलेली बाईही त्याच वाटेनं जाऊ शकते. बाळंतपण हा बाईच्या आयुष्यातला मोठा धोका आहे, आणि तिच्या कामाचं आयुष्य मोजताना तो मोजावाच लागतो, हे मला स्मिताच्या त्या पंधरा दिवसांवरून पुन्हा कळलं.

आता पुरुषांकडे येते. माझा या मंडळींवर राग नाही, उलट त्यांच्या अभिनयाबद्दल आदरच आहे. तरी हिशोब मांडायला हवा.

ओम पुरींनी अबू मियाँ केला तेव्हा त्यांचं वय होतं छत्तीसच्या आसपास. पांढरी दाढी लावली, म्हातारे झाले. सिनेमा संपला, दाढी काढली, पुन्हा तरुण झाले. १९९२ साली ‘सिटी ऑफ जॉय’मध्ये कलकत्त्याचा रिक्षावाला, १९९७ साली ‘माय सन द फनॅटिक’मध्ये प्रेमात पडणारा टॅक्सीचालक, १९९९ साली ‘ईस्ट इज ईस्ट’मधला बाप. इंग्लंड-अमेरिकेच्या सिनेमांतही त्यांनी काम केलं, आणि २०१७ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत ते काम करत होते. नसीरुद्दीन शाह साठीच्या घरात असताना, २०१० साली ‘इश्किया’त विद्या बालनच्या प्रेमात पडलेले दिसले. त्या दोघांच्या वयात जवळजवळ तीस वर्षांचं अंतर आहे, पण ते कुणाला खटकलं नाही. सुरेश ओबेरॉयना मुखीच्या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काम चांगलंच होतं त्यांचं, तो मान योग्यच. पण गंमत बघा, कारखान्यातल्या इतक्या बायांच्या सिनेमात अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार गेला तो बाई सुभेदाराच्या हवाली करायला निघालेल्या मुखीला! परेश रावल पुढं खलनायक झाले, विनोदी नट झाले, केतन मेहतांच्याच ‘सरदार’मध्ये वल्लभभाई पटेल झाले, आणि २०१४ साली अहमदाबाद पूर्वमधून खासदार झाले. राज बब्बरही संसदेत गेले. आपले मोहन गोखले टीव्हीवर ‘मिस्टर योगी’ म्हणून घराघरांत पोचले, जब्बार पटेलांच्या आंबेडकरांवरच्या चित्रपटात गांधीजी झाले. १९९९ साली अकाली गेले, नाहीतर तेही खूप पुढं गेले असते.

म्हणजे पुरुष नटाला म्हातारं व्हायचं की नाही, हे बऱ्याच अंशी दाढी लावण्या-काढण्यावर असतं. बाईला दाढी नसते, मैत्रिणींनो. तिचं म्हातारपण दुसरे ठरवतात.

उदाहरण देते. सुप्रिया पाठक ‘कलयुग’ आणि ‘बाजार’ या सुरुवातीच्याच सिनेमांत चमकल्या, दोन्हींसाठी फिल्मफेअर मिळालं. ‘मिर्च मसाला’ आला तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. पुढं संसार झाला, मुलं झाली, आणि मोठ्या पडद्यावर बरीच वर्षं दिसेनाशा झाल्या. २००५ साली ‘सरकार’मध्ये दिसल्या त्या अमिताभ बच्चन यांच्या पत्नी म्हणून. अमिताभ त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठे. आणि थोरल्या मुलाच्या भूमिकेत के के मेनन. सुप्रियांचा जन्म १९६१ चा, आणि त्यांच्या या मुलाचा १९६६ चा. पाच वर्षांनी लहान मुलगा! याआधी १९७६ साली ‘कभी कभी’मध्ये अमिताभची प्रेयसी झालेली राखी १९८२ साली ‘शक्ती’त त्यांची आई झाली होती. सहा वर्षांत प्रेयसीची आई. पुरुषाला मात्र कुणी सहा वर्षांत प्रियकराचा बाप केला नाही.

इथं तुम्ही म्हणाल, ही सगळी नावाजलेल्या, खाऊन-पिऊन सुखी बायकांची दुःखं. आपल्या कांडपवाल्या मावशींना त्याचं काय? मीही आधी तसंच म्हणत होते. पण नटी म्हणजे काय, हे जरा मेकअप उतरवून बघा. हजेरीवर काम. आज आहे, उद्या नाही. बाळंतपणाची रजा नाही, कारण ती कुणाची कायम नोकर नाही. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा २०१७ साली कायद्यानं दिली, ती पगारपत्रकावर नाव असलेल्या बाईला. वय वाढलं की कामाची किंमत उतरते. हे सगळं कांडपवालीचं आहे, विडीवालीचं आहे, शेतमजुरणीचं आहे. या सिनेमात चार-पाच नावाजलेल्या होत्या, पण कारखान्यात त्यांच्या शेजारी बसून मिरच्या निवडणाऱ्या, ज्यांची नावं कुणाला आठवत नाहीत, त्या बायका तर अगदी आपल्याच.

मग या बाया टिकल्या कशा? कारण टिकल्या. ही गोष्ट रडगाण्याची नाही. आणि त्या कशा टिकल्या त्यातच आपल्याला शिकण्यासारखं आहे.

दीना पाठक घ्या. जन्म १९२२ चा, अमरेलीचा. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या दिवसांत इप्टाबरोबर गावोगाव नाटकं केली, भवाईसारख्या लोककलेतून लोकांना जागं केलं. त्यांचं ‘मेना गुर्जरी’ हे गुजराती नाटक फार गाजलं. सिनेमात त्या खऱ्या अर्थानं परतल्या १९६६ साली, ‘उसकी कहानी’तून. म्हणजे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी! ज्या वयात बाकीच्या नट्यांना घरी पाठवतात, त्या वयात या बाईंनी सुरुवात केली, आणि पुढं शंभराहून जास्त सिनेमे केले. ‘गोलमाल’मधली खोटी आई आठवते ना? ‘खूबसूरत’मधली शिस्तीची सासू? दोन्ही त्याच. त्यांना कुणी म्हातारी करू शकलं नाही, कारण त्या पडद्यावर तरुणपण विकायला आलेल्याच नव्हत्या. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे दीना पाठक भारतीय महिला फेडरेशनच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी मोर्चात चालणारी, ठराव मांडणारी बाई. नाटक, चळवळ आणि सिनेमा हे त्यांनी एकाच हातानं केलं. २००२ साली ऐंशीव्या वर्षी त्या गेल्या, आणि त्यानंतर आलेल्या ‘पिंजर’मध्येही त्या दिसल्या.

त्यांच्या लेकींचं टिकणं मी या चुलीपासून वेगळं काढत नाही. सिनेमात काम नव्हतं तेव्हा रत्ना पाठक रंगभूमीवर उभ्या होत्या. दोघी बहिणी टीव्हीवर होत्या. १९८० च्या दशकात ‘इधर उधर’मध्ये तर दोघी एकत्र. ‘खिचडी’तली हंसा आणि ‘साराभाई’तली माया या दोन बाया पाहून सबंध देश हसला, तेव्हा सुप्रिया आणि रत्ना चाळिशी ओलांडलेल्या होत्या. आणि २०१३ साली ‘रामलीला’त सुप्रियांनी जी धनकोर बा उभी केली, ती आई होती खरी, पण ती रडत कोपऱ्यात बसणारी आई नव्हती, सगळी टोळी तिच्या शब्दावर चालायची.

रत्ना पाठक साठीला आल्या तेव्हा त्यांना ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ मिळाला. दिग्दर्शिका अलंकृता श्रीवास्तव. त्यात एक पंचावन्न वर्षांची विधवा आहे. सगळा मोहल्ला तिला ‘बुआजी’ म्हणतो, इतका की तिचं स्वतःचं नावही ती विसरायला आलेली आहे. आणि या बुआजीला देहाची इच्छा आहे. एवढंच. २०१७ च्या जानेवारीत सेन्सॉर बोर्डानं या सिनेमाला प्रमाणपत्र नाकारलं, आणि कारणांमध्ये पहिलंच लिहिलं की हा सिनेमा बायकांच्या बाजूनं आहे. अपील करून, भांडून, जुलैमध्ये तो प्रदर्शित झाला. नसीरुद्दीन साठाव्या वर्षी प्रेमात पडले तर तो विनोद आणि कौतुक. रत्ना पाठकनी साठाव्या वर्षी इच्छा दाखवली तर तो सेन्सॉरचा प्रश्न. नवरा-बायको, एकाच घरातले, एकाच धंद्यातले. याहून सोपं उदाहरण मला गटचर्चेसाठी दुसरं मिळालेलं नाही.

राहिली दीप्ती नवल. ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’ आपल्या सई परांजप्यांचे, ‘अनकही’ अमोल पालेकरांचा, त्यामुळे ती आपल्याला अर्धी मराठीच वाटते. ती खरी अमृतसरची, शिक्षण न्यूयॉर्कचं. शेजारची साधी मुलगी हा शिक्का तिच्यावर बसला होता. तो पुसायला तिनं काय केलं? वाट बघत बसली नाही. कविता लिहिल्या, चित्रं काढली, कथा लिहिल्या, ‘थोडा सा आसमान’ ही मालिका लिहून दिग्दर्शित केली, पुढं सिनेमा दिग्दर्शित केला. २०२२ साली बालपणाच्या आठवणींचं पुस्तक आलं. आणि २००८ साली नंदिता दासच्या ‘फिराक’मध्ये ती पुन्हा गुजरातेत आली. २००२ च्या हिंसाचारानंतरचं गुजरात. त्यात ती मार खाणारी बायको आहे. दंगलीत दाराशी आलेल्या बाईला आपण आत घेतलं नाही, ही टोचणी तिला जगू देत नाही. तिचा नवरा झालेत परेश रावल. ‘मिर्च मसाला’त एका बाईसाठी दार बंद करून घेतलं जातं, ‘फिराक’मध्ये एका बाईसाठी दार उघडलं जात नाही. हे दोन सिनेमे एकामागून एक दाखवून पाहा. पाच वर्षांनी, ‘लिसन अमाया’त, साठीची दीप्ती पुन्हा जोडीदार निवडू पाहणारी विधवा झाली, आणि अडवणारी कोण, तर तिची स्वतःची मुलगी.

तर मावशींच्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. एक बाळंतपणात गेली. एक संसारात काही वर्षं झाकली गेली आणि पुन्हा वर आली. एक लिहिती झाली. एकीला साठाव्या वर्षी हक्काची भूमिका मिळाली. आणि सर्वात म्हाताऱ्या बाईंनी चळवळीतच पाय रोवले होते, म्हणून त्या शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. त्या सगळ्या टिकल्या, पण एकेकट्या टिकल्या, हे मला खुपतं. पडद्यावर सगळ्याजणी एका दाराआड होत्या. पडद्याबाहेर, ज्या धंद्यात त्या राबत होत्या तिथं, सगळ्याजणींनी मिळून दार लावून घ्यायला फार उशीर झाला.

किती उशीर? आपल्याकडच्या सिनेमाधंद्यात बाईनं केस करायचे, पण मेकअप करायचा नाही, असा मेकअप करणाऱ्यांच्या संघटनेचा नियम होता. पन्नासहून जास्त वर्षं तो चालला! एका बाईनं तो न्यायालयात नेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१४ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. आणि २०१७ साली केरळात एका अभिनेत्रीवर गाडीत लैंगिक अत्याचार झाला, तेव्हा तिथल्या सिनेमातल्या बायका एकत्र आल्या. त्यांनी विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह काढलं, सरकारला चौकशी समिती नेमायला लावली. न्यायमूर्ती हेमा समिती. तिचा अहवाल २०१९ च्या डिसेंबरात दिला गेला आणि लोकांपुढं आला २०२४ च्या ऑगस्टमध्ये. जवळजवळ पाच वर्षं तो दाबून होता. त्यात लैंगिक छळ आहे, बोलणारीचं काम बंद पाडणं आहे, आणि चित्रीकरणाच्या जागी शौचालय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, हेही आहे. पडद्यावरची राणी आणि रोजगार हमीवरची मजुरीण, दोघी पाणी न पिता दिवस काढतात. एकत्र येणाऱ्यांपैकी काहींची कामं गेली. तिखट त्यांच्याही डोळ्यात गेलं.

आता आपल्याकडे वळते, आणि इथं मला थोडं अवघड बोलायचंय.

सिनेमावाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. आपण काय करतो? काही वर्षांपूर्वी आमच्या भागात दारूबंदीसाठी बाटली आडवी करण्याचं मतदान झालं. एक बाई पुढं होती. आवाज असा की अख्खी सभा गप्प व्हायची. आम्ही तिला प्रत्येक व्यासपीठावर नेलं, तिचा फोटो संस्थेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर छापला. मग प्रकल्प संपला. निधी संपला. तिचं मानधन बंद झालं. आम्ही नव्या प्रकल्पाकडे वळलो. तीन वर्षांनी ती मला बाजारात भेटली, भाजीची पाटी घेऊन बसलेली. ओळख दिली, मेथीची जुडी दिली, पैसे घेईना. म्हणाली, “ताई, त्या फोटोची एक कापी मिळंल का? पोरीला दाखवायचीय.” दारू दुकानदाराच्या माणसांनी तिच्या नवऱ्याचं काम सोडवलं होतं, ते तिनं चौथ्या वाक्यात सांगितलं. आम्हाला ते माहीतच नव्हतं. आम्ही तिला शेवटच्या दृश्यात उभी केली, हातात विळा दिला, आणि दिवे लावून घरी गेलो.

आणखी एक. आमच्याच एका सहकारी मैत्रिणीला दिवस गेले. मातृत्वाच्या हक्कावर ती प्रशिक्षण घ्यायची! पण तिचा करार अकरा महिन्यांचा होता. तो संपला, नवा झाला नाही. आम्ही सगळ्याजणी हळहळलो. दार कुणीच लावून घेतलं नाही. मीही नाही.

म्हणून मी तीन गोष्टी सुचवते. तुम्ही त्यावर भांडा, बदला, पण बाजूला ठेवू नका.

पहिली, प्रत्येक संघटनेनं एक वही ठेवावी. लढा झाला, मोर्चा झाला, की त्यात पुढं असलेल्या बायांचं सहा महिन्यांनी, वर्षानं, तीन वर्षांनी काय झालं, ते जाऊन विचारावं आणि लिहावं. काम आहे का, घरात मार वाढला का, मुलीची शाळा सुटली का. अहवालासाठी नव्हे, आपल्यासाठी.

दुसरी, आपल्या संस्थांमध्ये करारावरच्या, मानधनावरच्या कार्यकर्तीलाही बाळंतपणाची पगारी रजा मिळावी. पैसे नाहीत हे मला माहीत आहे. पण मग आपण सर्वांनी मिळून एक निधी उभारू. बचत गटाच्या बाया महिन्याला शंभर रुपये टाकून मशीन घेतात, तर आपण का नाही?

तिसरी, वयानं मोठ्या कार्यकर्त्यांना फक्त सत्कारासाठी बोलावू नये. त्यांना काम द्यावं. दीना पाठकांची सुरुवात चव्वेचाळिसाव्या वर्षी झाली, हे लक्षात ठेवावं.

आता शेवटचं. हे सगळं शोधून झाल्यावर मी पुन्हा त्या गावात गेले. मावशी मिरची चाळत होत्या. मी त्यांना एकेकीचं सांगत गेले. स्मिताचं ऐकून त्यांनी चाळणी खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले. तिखटामुळं की कशामुळं ते मी विचारलं नाही. म्हाताऱ्या दीनाबाईंचं ऐकून हसल्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस. कुणी विचारतच न्हाई बघ, पुढं काय झालं म्हून.”

त्या पुन्हा चाळायला लागल्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, “आमचं बी विचारत जा.”

मैत्रिणींनो, वहीचं पहिलं पान मी त्यांच्या गटाच्या नावानं लिहिलेलं आहे. आता तुमच्या वह्या काढा.